गासडीवरचा रुपया कुणी बुडवला?

शेलू आणि वांगणीतल्या घराची किंमत १५ लाख. त्यातले साडेपाच लाख सरकार देणार, साडेनऊ लाख गिरणी कामगाराने भरायचे. १९८२ च्या संपात जो तिशीत रस्त्यावर आला आणि आज पंच्याहत्तरीला टेकलाय, त्याने दादरहून दीड तासावरच्या घरासाठी ही रक्कम उभी करायची. सरकार याला गृहयोजना म्हणतं. मी याला वसुली म्हणतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. अर्ज भरायच्या वेळी आम्ही पत्र्याच्या पेटीतून कागद उपसले: तिकीट नंबर असलेली पगाराची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती. तिन्हींवर नावाचं स्पेलिंग वेगवेगळं, म्हणून आधी त्यासाठी प्रतिज्ञापत्र. मग कर्जाची चौकशी करायला एका बँकेत गेलो. साहेबांनी जन्मसाल बघितलं आणि फाईल परत सरकवली. मुलाच्या नावावर काढा म्हणाले.

म्हणजे कर्ज पुढच्या पिढीच्या बोकांडी. साडेनऊ लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांत फेडायचे, तर महिन्याला सव्वाआठ हजारांच्या आसपास हप्ता बसतो. कर्मचारी पेन्शन योजनेतलं किमान निवृत्तिवेतन आहे महिना १,००० रुपये. ज्यांनी हा दर ठरवला त्यांनी हे दोन आकडे एकदा तरी शेजारी शेजारी मांडले होते का?

यावर ठरलेला प्रश्न येतो: फुकट घरं द्यायला पैसा आणायचा कुठून? हा प्रश्न या शहराला पहिल्यांदा पडलेला नाही, आणि त्याचं उत्तरही एकदा दिलं गेलंय. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायचं ठरलं. त्यासाठी कर्ज उभारलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया कर बसवला. ज्या कापसाने शेठजींच्या तिजोऱ्या भरल्या, त्याच कापसाने त्याचं कापड विणणाऱ्याच्या छपराला हातभार लावायचा, एवढा सरळ हिशेब होता. लॉईड काही कामगारांचे कैवारी नव्हते. गिरण्या चालायला माणसं जगली पाहिजेत, एवढं त्यांना कळत होतं.

ती योजनाही फसली, हे लपवण्यात अर्थ नाही. ५०,००० राहिल्या बाजूला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, एकेका चाळीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्याच खात्याने बॅकबेचा समुद्र बुजवायला घेतला. त्या कामातला गोंधळ आणि उधळपट्टी वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली. इकडे चाळींचं बांधकाम महाग पडलं, भाडं कामगाराला परवडेना, आणि लोक दाटीवाटीने राहत असलेल्या शहरात नव्याकोऱ्या खोल्या रिकाम्या पडल्या. शेवटी भाडं कमी ठेवून सरकारला तूट सोसावी लागली. घराचा दर कामगाराच्या मिळकतीवरून न ठरवता बांधकामाच्या बिलावरून ठरवला की काय होतं, याचा धडा शंभर वर्षांपूर्वी गिरवून झालाय. तरी आज साडेनऊ लाखांचा आकडा तसाच काढला गेला.

दुसरी संधी १९९१ साली आली. विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी ठरवली: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. सुमारे ६०० एकरांचा गिरणगाव होता तो. ही वाटणी खरोखर झाली असती, तर घरांसाठी तिजोरीत हात घालायची वेळच आली नसती, कारण मुंबईत जमीन हाच पैसा आहे. पण २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या शेड ज्या जमिनीवर उभ्या होत्या ती सगळी मालकाच्या पदरात. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बदलाविरुद्ध निकाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरवला. नियमातल्या एका दुरुस्तीने कामगारांची हजारो घरं गिळली. त्यासाठी कुणाला बुलडोझर लावावा लागला नाही.

२००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्या विकल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाईलचे ७०२ कोटी आले, कोहिनूरचे ४२१ कोटी. त्यातून कामगारांची देणी भागवली, महामंडळाच्या उरलेल्या गिरण्या सावरायच्या होत्या, असं सांगितलं जातं. असेलही. पण त्या जमिनींवर जे टॉवर उभे राहिले, त्यांच्याकडून पालिका दर वर्षी मालमत्ता कर घेते, वाढीव चटईक्षेत्राचं अधिमूल्य सरकारी तिजोऱ्यांत जातं, आणि फ्लॅट विकला गेला की दर वेळी मुद्रांक शुल्क जमा होतं. गिरणगावाची जमीन अजूनही पैसा देतेय. फक्त त्यात कामगाराचा वाटा नाही.

उलट त्यालाच धमकावलं गेलं. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयात कलम घातलं की देऊ केलेलं घर नाकारलं तर हक्क गेला. ते रद्द करा म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये म्हातारी माणसं भर पावसाळ्यात आझाद मैदानावर जमली, तेव्हा कुठे आश्वासन मिळालं.

पैसा नाही, हे मी ऐकून घेणार नाही. मेट्रोसाठी मुंबईतल्या घरखरेदीवर याच सरकारने १ टक्का अधिभार बसवला आणि तो रोज वसूल होतोय. असाच अधिभार गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतींमधल्या प्रत्येक खरेदी-विक्रीवर लावा. त्याचं वेगळं खातं उघडा, जमाखर्च दर वर्षी छापा, आणि त्या पैशातून कामगाराचे साडेनऊ लाख फेडा. कुठल्या गिरणीची किती जमीन म्हाडाला मिळाली, तिच्यावर किती घरं झाली आणि किती जमीन अजून पडून आहे, हा गिरणीवार तक्ताही त्यासोबत जाहीर करा. पडून असलेल्या जमिनीवर आधी घरं बांधा. शेलूचं नाव त्यानंतर काढा.