उपकार फेडावा कोठें?

उपकाराची फेड म्हटली म्हणजे घेतलेलें देणाऱ्यास परत करणें, हाच अर्थ प्रथम मनांत येतो. ही रीत चांगली खरी. पण ती एकटी पुरी पडत नाहीं, असें आमचें मत आहे.

फ्रान्समध्यें अमेरिकेचे वकील म्हणून राहत असतां बेंजामिन फ्रँकलिन यांनीं २२ एप्रिल १७८४ रोजीं बेंजामिन वेब नामक अडचणींत सांपडलेल्या गृहस्थास दहा सुवर्णनाण्यांची हुंडी धाडिली. ही रक्कम कर्जाऊ समजावी. मात्र ती आपणांस परत न करितां, असाच कोणी प्रामाणिक मनुष्य संकटांत भेटेल त्यास द्यावी, व त्यालाही हीच अट घालावी, असें त्यांनीं कळविलें. थोड्या पैशांत पुष्कळांचें भलें करण्याची ही युक्ति होती.

तींत एक धोका आहे, व तो फ्रँकलिन यांसही ठाऊक होता. लबाडाच्या हातीं पडतांच ही सांखळी तुटते. सावकार दारीं येतो, म्हणून त्याचें देणें फिटतें. पुढच्या अनोळखी मनुष्याचें देणें मागावयास कोणीच येत नाहीं. तेथें साक्षी काय ती आपली सदसद्विवेकबुद्धि. शुभवर्तमानांतील त्या चाकराचें मोठें ऋण धन्यानें सोडिलें, पण त्यानें सोबत्याचें लहानसें ऋण सोडिलें नाहीं. धन्याचा कोप झाला तो मिळालेली दया त्यानें पुढें न चालविल्यामुळें.

उलटपक्षीं, "मी पुढें देईन" असें म्हणून पहिल्या दात्यास विसरणेंही अयोग्य. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकीं एकच आभार मानावयास परतला, हें आपण वाचितोंच. पंडिता रमाबाईंनीं दोन्ही गोष्टी साधिल्या. १८८७ सालीं बोस्टन येथें स्थापन झालेल्या मंडळानें त्यांस दहा वर्षें साह्य करण्याचें वचन दिलें. त्या बळावर त्यांनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें. मुदत संपतां १८९८ सालीं त्या स्वतः अमेरिकेस गेल्या. परंतु त्या साह्याची खरी फेड झाली ती येथल्या निराधार विधवांस व मुलींस मिळालेल्या आसऱ्यानें.

तेव्हां आभार मागें द्यावेत, उपकार पुढें द्यावा. वरच्या वर्गांतील मुलाचीं जुनीं पुस्तकें ज्यास मिळालीं, त्यानें तीं जपून खालच्या वर्गांतील मुलास द्यावीं. ज्यास कोणी अडलेलें गणित समजावून दिलें, त्यानें दुसऱ्या कोणास तें समजावून द्यावें. पालकांसही विनंति कीं, कोणीं आपणांस काय दिलें हें मुलांस सांगतांना, "आतां तूं कोणास देशील?" हेंही त्यांस विचारीत जावें.