कृषी पदवीची वाट बांधापर्यंत का जात नाही?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी अनेक शिवारांत कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती. फवारा थेट अंगावर येत होता, तोंडाला रुमालापलीकडे संरक्षण नव्हते आणि एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळली जात होती. कोणती औषधे एकत्र करू नयेत, मात्रा किती असावी, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने का फवारू नये, हे कृषी पदवीच्या अभ्यासक्रमातील प्राथमिक पाठ आहेत. जिल्ह्यात कृषी संशोधन केंद्र होते, कृषी विज्ञान केंद्रही होते. तरीही पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत हा पाठ पोहोचला नाही. बहुतांश शेतकऱ्यांचा सल्लागार होता तो कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, म्हणजेच औषध विकणारा.

या दुर्घटनेनंतर चर्चा झाली ती कीटकनाशक कंपन्यांची, विक्रेत्यांची आणि शासकीय यंत्रणेची. कृषी शिक्षणाच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. वास्तविक, महाराष्ट्रात या शिक्षणाला सव्वाशे वर्षांहून मोठी परंपरा आहे.

प्राचार्य गावात गेले तेव्हा

पुण्यात १८७९ मध्ये विज्ञान महाविद्यालयाला जोडून शेतकीचे वर्ग सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले. आजच्या पुणेकरांना त्याचे मैदान प्रदर्शने आणि जत्रांमुळे अधिक परिचित आहे. या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर, शेतोशेत पाहणी केली. १९१७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आले, जमिनीचे तुकडे विखुरले आणि शेतकरी कर्जाखाली दबला, असे या पाहणीतून दिसून आले. पिंपळे सौदागर आता पिंपरी-चिंचवडमधील बहुमजली इमारतींचे उपनगर झाले आहे. मात्र महाविद्यालयाने प्रयोगशाळेबाहेर पडून गावाचे अर्थकारण समजून घेण्याचा तो वस्तुपाठ आजही मोलाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर याच विचाराला संस्थात्मक रूप मिळाले. अमेरिकेतील कृषी विद्यापीठांच्या धर्तीवर १९६० मध्ये पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे विद्यापीठे आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही कामे एकाच छताखाली असावीत, हे त्यामागील सूत्र होते. संशोधकाने वाण तयार करावा, प्राध्यापकाने तो शिकवावा, विस्तारकाने शेतकऱ्यापर्यंत न्यावा आणि शेतकऱ्याची अडचण पुन्हा संशोधकाच्या टेबलावर यावी, अशी ही कल्पना होती.

ही कल्पना अगदीच फसली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राहुरीच्या ‘भगवा’ डाळिंबाने दुष्काळी तालुक्यांत बागा उभ्या केल्या. ‘फुले संगम’ सोयाबीन शेतकऱ्यांनी आपणहून स्वीकारले. केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी, दापोलीचे ‘रत्ना’ व ‘सिंधू’ आंबे, वेंगुर्ल्याचे काजूचे वाण ही याच व्यवस्थेची देणगी. मात्र २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि बियाण्याची सूत्रे खासगी कंपन्यांच्या हाती गेली. कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विश्वासाचे ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण त्या लाटेत मागे पडले. विस्तार दुबळा असेल तर उत्तम संशोधनही बाजारापुढे टिकत नाही, हे कपाशीने दाखवून दिले.

पदवी वाढली, नाते तुटले

दरम्यान शिक्षणाचा पसारा वाढला. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांची संख्या शासकीय महाविद्यालयांहून कितीतरी अधिक झाली. ग्रामीण भागातील मुला-मुलींना चार वर्षांची प्रतिष्ठित पदवी आवाक्यात आली, ही जमेची बाजू. पण पदवीनंतर पुढे काय, याचे उत्तर बहुतेकांच्या दृष्टीने एकच असते: स्पर्धा परीक्षा. कृषी सेवा, राज्यसेवा, बँकेतील कृषी अधिकारी ही स्वप्ने घेऊन वसतिगृहांच्या अभ्यासिका रात्रभर जागतात. २०२३ च्या आरंभी राहुरीत कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आंदोलनाला बसले, तेही लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत आपल्या विषयाला पुरेसे स्थान मिळावे म्हणून.

या विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु आकडे त्यांच्या बाजूने साक्ष देतात. कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये राज्यातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. डॉ. मान यांनी एका गावात पाहिलेली घसरण आता साऱ्या राज्याची झाली आहे. तीन-सव्वातीन एकरांच्या कोरडवाहू तुकड्यावर भावाबरोबर राबण्यापेक्षा मुलाने नोकरी पाहावी, असे बापालाच वाटते. पदवीसाठी पैसे मोडणारा शेतकरी मुलाला शेतीत आणण्यासाठी नव्हे, तर शेतीतून सोडवण्यासाठी ते मोडत असतो.

कृषीदूतांचे काही आठवडे

पदवीच्या अखेरच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ गावात जातात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, बोर्डो मिश्रण तयार करतात, मातीचे नमुने घेतात. त्याची छायाचित्रे आणि बातमी जिल्हा पानावर येते, अहवाल सादर होतो, गुण मिळतात. पुढच्या वर्षी नवी तुकडी बहुधा दुसऱ्याच गावात जाते. आधीच्या तुकडीने घेतलेल्या माती नमुन्याचे काय झाले, शेतकऱ्याने खताची मात्रा बदलली का, हे विचारायला कोणी परत येत नाही. शिवाय चार वर्षे इंग्रजीतून शिकलेले शास्त्र बांधावर मराठीत सांगायचे असते. त्याची तयारी वर्गात क्वचितच होते. विद्यापीठांत रिक्त पदांचे प्रमाण मोठे असल्याने असलेले प्राध्यापक तास, परीक्षा आणि कागदपत्रांतच अडकतात.

उपाय खर्चिकच असले पाहिजेत असे नाही. प्रत्येक महाविद्यालयाला परिसरातील चार-पाच गावे निदान दहा वर्षांसाठी नेमून देता येतील. प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीच्या नोंदी पुढे चालवाव्यात, पीक, पाणी, कर्ज आणि औषधांचा वापर यांची माहिती साठत जावी आणि महाविद्यालयाच्या मूल्यांकनात तिला वजन असावे. खते आणि कीटकनाशकांच्या विक्री परवान्यासाठी २०१५ पासून कृषी शिक्षणाची अट आली आहे. त्यामुळे दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा आता अनेकदा याच महाविद्यालयांचा विद्यार्थी असतो. विक्रीइतकाच सल्ल्याचाही धर्म त्याला वर्गातच शिकवता येईल.

कृषी महाविद्यालयांनी अधिकारी घडवावेत, याबद्दल वाद नाही. मात्र जमिनीचा तुकडा लहान होत असताना चूक परवडण्याची शेतकऱ्याची ताकदही कमी होत जाते, आणि त्याला नेमक्या सल्ल्याची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासते. दर पावसाळ्यात कपाशीत पुन्हा पंप फिरतात. त्या वेळी मजुराला हातमोजे घालायला लावणारे आणि दोन औषधे मिसळण्यापासून अडवणारे कोणी शेतात असते का, यावरूनच या शिक्षणाचा हिशेब मांडला गेला पाहिजे.