पहारेकऱ्याचें तोंड दाबणारा गोवर

“गोवर एकदां येऊन गेला कीं पोर सुटलें!” हे उद्गार आमच्या पुष्कळ वाचकांनीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून ऐकले असतील. गोवर सहसा दुसऱ्यांदा होत नाहीं, हें खरें. परंतु जातां जातां तो काय लुटून नेतो, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

आपल्या पेशींत परक्या विषाणूची चाहूल घेणारे पहारेकरी जन्मतःच असतात. विषाणु आंत शिरून वाढूं लागतांच ते हाळी देतात, आणि पेशी इंटरफेरॉन नांवाचें प्रथिन बाहेर सोडते. तें पोंचलें कीं शेजारच्या पेशी सावध होऊन विषाणूची वाढ रोखण्याची तयारी करतात. आयझॅक्स व लिंडेनमान ह्या शास्त्रज्ञद्वयानें १९५७ सालीं लंडन येथें हा शोध लावला.

गोवराची चलाखी येथेंच दिसते. त्याचें ‘व्ही’ नांवाचें प्रथिन एका पहारेकऱ्यालाच घट्ट धरून ठेवतें. एवढ्यानेंहि हाळी थांबली नाहीं, तर तो निरोप केंद्रापर्यंत नेणाऱ्या दूतांना तें वाटेंत अडवितें. मूल सुमारें दहा दिवस हसतें-खेळतें असतें, आणि तेवढ्यांत शत्रूनें लसिकाग्रंथींत ठाणें मांडलेलें असतें.

जुन्या रोगांची आठवण जतन करणाऱ्या पेशी तेथेंच असतात. गोवर त्यांचाच संहार करतो. नेदर्लंड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचें रक्त गोवरापूर्वीं व गोवरानंतर तपासलें असतां, पूर्वीं कमावलेल्या प्रतिपिंडांपैकीं ११ ते ७३ टक्के नाहींसे झाल्याचें आढळलें. हें संशोधन २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. गोवर उतरल्यावर मूल न्यूमोनियानें वा अतिसारानें कां खंगतें, याचें एक कारण हें आहे. लस टोंचलेल्या मुलांत मात्र अशी हानि दिसली नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुरळ उठण्यापूर्वीं चार दिवसांपासूनच हा रोग हवेंतून पसरूं लागतो. मग मुलास निराळ्या खोलींत निजविण्यास उशीरच झालेला असतो. आपल्या देशांत लसीची पहिली मात्रा ९ ते १२ व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयांत देतात. त्याआधींचें तान्हें बाळ पाळण्यांत असेल, तर त्याच्या भावंडांची लस हेंच त्याचें कवच होय. तेव्हां गोवराची वाट पाहूं नये. घरांतील एकेका मुलाचें लसीचें कार्ड आजच काढून पाहावें.