पत्रातला दुसरा परिच्छेद

मार्च महिना लागला की आपल्यातली काही मुलं-मुली दिवसातून दहा वेळा ईमेल उघडून बघतात. अमेरिकेतल्या कला महाविद्यालयांत एमएफए, म्हणजे मास्टर ऑफ फाइन आर्ट्स करण्यासाठी त्यांनी डिसेंबर-जानेवारीत अर्ज केलेले असतात. पंधरा-वीस कामांचा पोर्टफोलिओ, स्वतःच्या कामाविषयीचं निवेदन, शिफारसपत्रं आणि प्रत्येक अर्जाची वेगळी फी. फेब्रुवारीत काहींना मुलाखतीचं बोलावणं येतं, आणि मग सगळं शांत. यंदा या मुलांमध्ये मीही आहे. त्यामुळे या वेळचं संपादकीय माझ्याकडे आलं तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

बारावीच्या किंवा नीटच्या निकालाची तारीख साऱ्या मोहल्ल्याला माहीत असते. एमएफएच्या निकालाला अशी एक तारीख नसते. एका ठिकाणचं उत्तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतं, दुसरीकडचं एप्रिलमध्ये, आणि प्रतीक्षायादीत नाव असेल तर मे उजाडतो. मामू विचारतात, “बेटा, लागला का निकाल?” त्यांना काय सांगावं ते कळत नाही. मार्क नाहीत, मेरिट लिस्ट नाही, कटऑफ नाही. काही शिक्षक एका खोलीत बसून शेकडो पोर्टफोलिओ बघतात आणि मोजक्या जागांसाठी माणसं निवडतात. पुढच्या वर्षी कोणते शिक्षक रजेवर आहेत, कोणाच्या हाताखाली जागा आहे, एका तुकडीत कशा प्रकारचं काम करणारी माणसं हवीत, असल्या गोष्टींनीही निवड ठरते. म्हणून नकार आला तर तो तुमच्या कलेवरचा फतवा समजू नका. आणि होकार आला तर तेवढ्यानेच पेढे वाटू नका. मला आज सांगायचं आहे ते या दुसऱ्या वाक्याबद्दल.

प्रवेशाच्या पत्रात दोन परिच्छेद महत्त्वाचे असतात. पहिला अभिनंदनाचा. तो आपण घरात मोठ्याने वाचून दाखवतो. दुसरा पैशाचा. ट्यूशन किती माफ होणार, विद्यावेतन मिळणार का, त्याबदल्यात काम काय करायचं, हे त्यात असतं. पहिला परिच्छेद वाचून आपण महाविद्यालय निवडतो, पण पुढची दहा वर्षं कशी जाणार ते दुसरा परिच्छेद ठरवतो.

माझ्याकडे आज दोन पत्रं आहेत. एक नामांकित खासगी कला महाविद्यालयाचं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, ट्यूशन वर्षाला ५८,००० डॉलर, त्यातली निम्मी माफ. ‘५० टक्के शिष्यवृत्ती’ हे शब्द वाचून अम्मीने शुक्राना अदा केला. रात्री मी कागद घेऊन बसले. उरलेली ट्यूशन २९,०००, राहणं-खाणं आणि सामान धरून आणखी २५,०००, म्हणजे वर्षाचे ५४,००० आणि दोन वर्षांचे १,०८,००० डॉलर. हिशेबासाठी डॉलर ८५ रुपयांना धरला तर ९१ लाख ८० हजार रुपये.

दुसरं पत्र एका सरकारी विद्यापीठाचं. ते ज्या गावात आहे त्या गावाचं नाव आमच्या घरात कोणी ऐकलेलं नाही. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. ट्यूशन पूर्ण माफ, आणि पदवीच्या मुलांना शिकवायला मदत करायची म्हणून वर्षाला १८,००० डॉलर विद्यावेतन. राहण्याचा खर्च तिथे २०,०००, आरोग्य विमा आणि किरकोळ फिया ३,५००. म्हणजे वर्षाला ५,५०० डॉलर कमी पडतात, तीन वर्षांत १६,५००. रुपयांत १४ लाखांच्या आसपास. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि विद्यावेतनावरचा कर दोन्हीकडच्या हिशेबात वेगळा धरायचा.

९२ लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याचा हप्ता सव्वा लाखाच्या वर जातो, आणि शिकत असताना साचलेलं व्याज यात धरलेलंच नाही. एमएफए झाल्यावर पहिल्या वर्षी महिन्याला सव्वा लाख बाजूला काढू शकेल असा चित्रकार मला माहीत नाही. अमेरिकेत पदवीनंतर काम करण्याची जी परवानगी मिळते ती चित्रकलेसारख्या विषयांत साधारण १२ महिन्यांची असते. संगणक किंवा अभियांत्रिकीवाल्यांना त्यापुढे जी वाढीव मुदत मिळते ती चित्रकाराला नसते. म्हणजे कर्ज काढणारा इंजिनियर आणि कर्ज काढणारा चित्रकार बँकेच्या खिडकीपाशी सारखे दिसत असले तरी सारखे नसतात. हप्ता भरण्यासाठी चित्रकाराला दुसरी नोकरी धरावी लागते, आणि ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला ते काम रविवारपुरतं उरतं.

आपल्या अनेक घरांत इथे आणखी एक प्रश्न येतो, व्याजाचा. काही घरांत व्याजाचं कर्ज नकोच असतं, काही घरांत शिक्षणासाठी चालतं. तो निर्णय ज्याच्या-त्याच्या घराने करावा. पण साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहतं घर. अब्बांनी मला एवढंच विचारलं, “कागद ठेवायचे तर ठेवू, पण सोडवणार कधी?” हा प्रश्न व्याज मान्य असलेल्या घरातही तितकाच खरा आहे.

पूर्वी थोडा आधार होता. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज केंद्र सरकार ‘पढो परदेश’ योजनेतून शिक्षण चालू असेपर्यंत भरत असे. ती योजना २०२२-२३ पासून बंद झाली. पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच सुमारास, डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. त्याविरुद्ध आवाज उठवत राहायला हवं. तोवर जे दरवाजे उघडे आहेत ते नीट बघावे लागतील. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन परदेशातल्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देतं. १८९२ मध्ये सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूप शिष्यवृत्ती देते. जर्मनीची डाड ही संस्था ललित कलेच्या पदवीधरांसाठी शिष्यवृत्ती देते आणि तिथल्या बहुतेक सरकारी कला अकादमींत ट्यूशन नसते, राहण्याचा खर्च मात्र आपला. या सगळ्यांच्या मुदती महाविद्यालयाचं उत्तर येण्याच्या आधी किंवा आसपास संपतात. म्हणून पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांनी शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाच्या अर्जासोबतच करायचा, नंतर नाही.

आता पत्र हातात असलेल्यांसाठी. दुसऱ्या परिच्छेदात जे लिहिलेलं नाही ते विचारून घ्या. ट्यूशनमाफी पुढच्या वर्षांनाही नक्की आहे की फक्त पहिल्या? विद्यावेतन नऊ महिन्यांचं आहे की बारा? नऊ महिन्यांचं असेल तर उन्हाळ्यात घरभाडं कशातून द्यायचं? शिकवण्याचे तास आठवड्याला किती? विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, ते सुद्धा विद्यापीठाच्या आवारातच. त्यामुळे सगळे २० तास शिकवण्यात गेले तर वर आणखी कमाई करता येणार नाही, हे धरून चाला. आरोग्य विमा कोण भरतं? स्टुडिओ स्वतंत्र मिळतो का, रात्री उघडा असतो का? यंदाची जागा पुढच्या वर्षावर टाकली तर पैसेही पुढे येतात का? व्हिसासाठी लागणारा आय-२० कागद देण्याआधी विद्यापीठ किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवायला सांगतं, ती कशी दाखवायची? आणि तिथे आज शिकणाऱ्या दोघांशी तरी बोला. शिक्षकांपेक्षा ते मोकळं बोलतात. एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे: भारत-अमेरिका कर करारामुळे तिथल्या भारतीय विद्यार्थ्याला करपात्र उत्पन्नातून प्रमाणित वजावट घेता येते. ती घ्यायची विसरू नका.

घाईत सही करू नका. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी एक ठराव मान्य केला आहे. त्यानुसार शिष्यवृत्ती, फेलोशिप किंवा साहाय्यकपदाच्या प्रस्तावाला १५ एप्रिलच्या आत उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. मात्र ठराव मान्य करणाऱ्यांनाच तो लागू आहे, आणि तो पैशाच्या प्रस्तावाबद्दल आहे, नुसत्या प्रवेशाबद्दल नाही. स्वतंत्र कला महाविद्यालयांची मुदत वेगळी असू शकते. आपलं विद्यापीठ त्या यादीत आहे की नाही ते तपासा, आणि परत न मिळणारी अनामत त्याआधी भरू नका.

जास्त पैसे मागायलाही लाजू नका. आपल्याला घरातून शिकवलेलं असतं की मिळालं त्यात समाधान मानावं, देणाऱ्याकडे पुन्हा हात पसरू नये. पण हे हात पसरणं नाही. “मला तुमच्याकडे यायचं आहे. दुसरीकडून मला पूर्ण ट्यूशनमाफी मिळाली आहे. तुमच्या प्रस्तावात काही वाढ शक्य आहे का?” एवढ्या तीन वाक्यांचा ईमेल नम्रही असतो आणि रीतीलाही धरून असतो. बहुतेक वेळा उत्तर नाही असं येतं. ते आलं म्हणून मिळालेला प्रवेश सहसा कोणी काढून घेत नाही.

आपल्याकडे एक समजूत आहे की खरा कलावंत पैशाचा विचार करत नाही. आपल्याच थोर चित्रकारांकडे बघा. नागपूरच्या आणि मुंबईच्या कलाशाळेत शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. नसरीन मोहम्मदी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये शिकल्या त्याही फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. तय्यब मेहता १९६८ मध्ये न्यू यॉर्कला गेले ते रॉकफेलर फंडाच्या फेलोशिपवर, वयाच्या चाळिशीनंतर. या पैशाने त्यांना नुसतं विमानाचं किंवा बोटीचं तिकीट मिळालं नाही, बघायला आणि काम करायला मोकळा वेळ मिळाला. पुढे रझांनी स्वतः रझा फाउंडेशन उभं केलं, ते आज तरुण कलावंतांना मदत करतं. पैशाचा विचार त्यांनी केला होता, म्हणून तर तो दुसऱ्यांसाठीही करता आला.

ज्यांना यंदा कुठूनच होकार आला नाही, किंवा होकार आला पण पैसे नाहीत, त्यांनाही माझं सांगणं हेच आहे. पैशाशिवायचा होकार नाकारणं म्हणजे हार नाही. बडोद्याची फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स आणि शांतिनिकेतनचं कला भवन अमेरिकेच्या मानाने फार थोड्या फीत पदव्युत्तर शिक्षण देतात. नसरीन मोहम्मदींनी बडोद्यालाच वर्षानुवर्षं शिकवलं. एक वर्ष काम करून नवा पोर्टफोलिओ घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. तय्यब मेहतांचं वय तर वर सांगितलंच आहे.

समाजातल्या मोठ्यांनाही एक विनंती. आपल्या ट्रस्टांच्या शिष्यवृत्तीचे जे फॉर्म माझ्या हाती आले, त्यांत मेडिकल, इंजिनियरिंग, फार्मसी, एमबीए असे रकाने होते आणि शेवटी ‘इतर’. आम्ही त्या ‘इतर’मध्ये आहोत. आमच्या मिरजेत मुस्लिम कारागिरांची घरं पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडवत आली, त्यांच्या हातच्या सतारी देशभरच्या मैफलींत वाजतात. “हे करून पोट भरतं का?” असं त्यांना कोणी विचारत नाही. चित्रकाराला, शिल्पकाराला मात्र पहिल्या दिवशी विचारतात. ९२ लाख कोणत्याही ट्रस्टने देऊ नयेत. पण पूर्ण ट्यूशनमाफी मिळवून आलेल्या मुलाला वर्षाचे पाच हजार डॉलर कमी पडत असतील, तर तेवढं बिनव्याजी उभं करणं एखाद्या तालुक्यालाही अवघड नाही.

आणि जे यातून आधी गेले आहेत त्यांनी आपले आकडे लपवू नयेत. इंजिनियरिंगच्या मुलांना कोणत्या विद्यापीठात काय मिळतं ते आधीच्या बॅचकडून कळतं. आपल्याला कोणी सांगणारं नाही. म्हणून मी माझे आकडे वर लिहिले. तुम्हीही आपल्यामागून येणाऱ्या एका तरी मुलाला किंवा मुलीला बसवून आपल्या पत्रातला दुसरा परिच्छेद वाचून दाखवा.

मी त्या अनोळखी गावातल्या विद्यापीठाला दोन प्रश्न पाठवले आहेत, उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांचा आणि तिसऱ्या वर्षाच्या माफीचा. उत्तर लेखी आलं की १५ एप्रिलच्या आत होकार कळवणार आहे. नामांकित महाविद्यालयाला नकार लिहिताना हात थोडा जड होईल. पण घराचे कागद अब्बांच्या कपाटातच राहतील आणि पदवीनंतरची वर्षं चित्रांसाठी उरतील.