जुन्या पिकअपचा मागचा ॲक्सल बदलायचा? आधी हिशोब मांडा

समृद्धी महामार्ग जालन्याजवळून गेला आणि जुनी पिकअपवाले विचारायला लागले, "सर, हायवेला इंजिन लई ओरडतं, मागचा ॲक्सल बदलू का?" माझं मत स्पष्ट आहे. घाई करू नका.

क्राउन-पिनियनचे दाते 41-9 ऐवजी 41-10 झाले, की त्याच वेगाला इंजिनचे फेरे 3000 वरून 2700 वर येतात. डिझेल थोडं वाचतं. पण चाकाची ओढही 10 टक्के घटते. मस्तगडच्या गर्दीत भरलेली गाडी उचलताना ताण क्लचवर येतो.

आता वही काढा. समजा, हायवेवर महिना 2000 किलोमीटर, ॲव्हरेज 12, डिझेल 90 रुपये. खर्च झाला 15,000. त्यात 5 टक्के वाचले, म्हणजे 750. ॲक्सल आणि मजुरी मिळून 40,000 लागले, तर वसुलीला जवळपास साडेचार वर्षं! तोवर जुनी गाडी टिकेल का?

महिना 6000 किलोमीटर असेल, तर दीड वर्षात पैसे सुटतात. मग जरूर विचार करा. पण आधी आरटीओत विचारून घ्या, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.

धंद्यात गाडी आवाजावर नाही, हिशोबावर चालवायची.