चार अंकांची जबाबदारी

आमच्या बालाघाटशेजारील गोंदियाच्या बिरसी विमानतळावर तरुण वैमानिक घडविले जातात. त्यांच्या विमानांत काट्यांच्या तबकड्यांऐवजी आता प्रकाशमान पडदे आले आहेत. रडारच्या हाकेला चार अंकांनी उत्तर देणारा ट्रान्सपॉण्डरही पडद्याखालील बटणांनीच चालतो. त्या बटणांत ८ आणि ९ नाहीतच! प्रत्येक अंक तीन स्पंदांचा, म्हणून आठच पर्याय. चार अंकांचे मिळून ४०९६ संकेत. ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७५०० म्हणजे अपहरण. बटण दाबणे सुलभ झाले, हे खरे. परंतु दाबलेला अंक पुन्हा वाचण्याचा परिपाठ त्यामुळे सैल होता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ७६०० ऐवजी ७५०० उमटले, तर नियंत्रकास ते विमान पळविलेले वाटेल. आणि रेडिओच बंद, मग खुलासा कोणी करावा?