वयाचा दाखला

शाळेच्या वार्षिकांत प्रेम हा विषय सहसा येत नाहीं. आलाच तर तो ईशप्रेम, मातृप्रेम किंवा देशप्रेम या रूपानें येतो. सोळा वर्षांच्या मुलामुलींस एकमेकांविषयीं जें वाटतें त्याविषयीं वडील माणसें घरांत बोलत नाहींत, शिक्षक वर्गांत बोलत नाहींत, आणि म्हणून मुलें तें भलतीकडून शिकतात. ज्या गोष्टीपायीं मुलांची शाळा सुटते ती गोष्ट शाळेच्या अंकांत काढूं नये, असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांतहि ज्या कुटुंबांना आपण कोण व कोठले हें कागदानें सिद्ध करितां येत नाहीं, अशा घरांतील मुलांचा प्रश्न आम्ही येथें मुद्दाम काढीत आहों. वय तेंच, मोह तोच. परंतु या मुलांना त्याची किंमत फार निराळी मोजावी लागते.

शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके येणाऱ्याजाणाऱ्यांचे आहेत. शिरूर पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घोड नदीच्या कांठीं. दौंड हें तर मोठें रेल्वे जंक्शन. पाणी आलें तसा ऊस वाढला, रांजणगांव व कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, आणि हाताला काम शोधणारीं माणसें चोहोंकडून येऊं लागलीं.

त्यांतील तीन प्रकारचीं कुटुंबें आमच्या डोळ्यांसमोर आहेत. पहिलीं ऊसतोड कामगारांचीं. दिवाळीच्या सुमारास बीड व त्या बाजूच्या जिल्ह्यांतून टोळ्या येतात, शेताच्या कडेला कोप्या घालतात, आणि उन्हाळा लागतां लागतां परत जातात. यांची शिधापत्रिका एका गांवीं, मुलाचें नांव दुसऱ्या गांवच्या शाळेंत, आणि पोट तिसऱ्या ठिकाणीं. दुसरीं कुटुंबें पारध्यांचीं. गुन्हेगार जमातींचा १८७१ सालचा कायदा १९५२ सालीं देशांतून गेला, पण त्याची सावली गेली नाहीं. फासेपारध्यांस अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर ६ सप्टेंबर १९५० रोजीं किंवा त्यापूर्वीं आपले पूर्वज या प्रांतीं राहत होते, असा पुरावा दाखवावा लागतो. ज्यांचे आजोबा त्या काळीं रानोमाळ हिंडत होते, त्यांचें नांव कोठें लिहिलेलें सांपडलेंच तर बहुधा पोलिसांच्या वहींत सांपडावयाचें! तिसरीं कुटुंबें परदेशांतून आलेलीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें रांजणगांवच्या वसाहतीलगत कारेगांव येथें एकवीस बांगलादेशी नागरिकांस परवान्यावांचून राहिल्याच्या आरोपावरून अटक झाली, ही बातमी आमच्या वाचकांनीं वाचली असेल.

या तिघांस एकाच मापानें मोजणें योग्य होणार नाहीं. पहिला नागरिक आहे, पण त्याचा कागद दूर आहे. दुसराहि नागरिक आहे, पण त्याचा कागद कोणी केलाच नाहीं. तिसरा येथला नागरिकच नाहीं. तथापि एक गोष्ट तिघांच्या झोपडींत सारखी आढळते. दाराशीं सरकारी माणूस उभा राहिला कीं घरांतील सर्वांचा जीव मुठींत येतो.

आतां अशा घरांतील मुलीचें किंवा मुलाचें मन कोणावर बसलें, तर काय होतें तें पाहूं. सुस्थितींतील घरांत रागवारागवी होते, मुलीचा मोबाईल काढून घेतात, मुलास मामाकडे धाडतात, आणि वर्षभरानें सर्व विसरून परीक्षेची तयारी सुरू होते. त्या घरास थांबण्याची सोय असते. कोपींतील आईबापांस ती नसते. पहाटे दोघांनींहि फडांत जावयाचें, आणि वयांत आलेली मुलगी एकटी मागें ठेवावयाची. त्यांच्या पोटांत भीतीचा गोळा उठावा हें साहजिक आहे. शिवाय ऊसतोडींत नवराबायको मिळून एक कोयता होतो व मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. मुलाचें लग्न झालें कीं घरांत एक कोयता वाढतो, आणि मुलीचें झालें कीं एक काळजी कमी होते. म्हणून दोन मुलांची नजरानजर झाल्याची कुजबूज कानीं आली कीं पंधरा दिवसांत हळद लागते. त्या दोघांचींच लग्नें एकमेकांशीं होतात असेंहि नव्हे; पुष्कळ वेळां मुलगी तिसऱ्याच्याच गळ्यांत पडते.

मुलें पळून गेलीं तर? सामान्य बाप पोलीस ठाण्यावर धांवतो. ज्याचे कागद धड नाहींत तो धांवत नाहीं. तेथें गेल्यावर पहिला प्रश्न त्याच्याच नांवगांवाचा व पुराव्याचा येणार, हें त्यास ठाऊक असतें. मुलीचा शोध करण्यास गेलेल्या बापाचाच शोध सुरू व्हावा, अशी त्याची स्थिति. तेव्हां तो गप्प राहतो. आणि तिला नेणारा सोबती वर्गांतला भोळा मुलगा नसून मुली विकणारा कोणी दलाल असला, तर त्या गप्प बसण्यानें ती मुलगी कायमची नाहींशी होते. कागद नसणें हें केवढें संकट आहे, हें येथें कळतें.

लग्न लावून दिलें म्हणजे सर्व झाकलें जातें, ही समजूतहि आतां खरी राहिलेली नाहीं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानें मुलीस अठरा व मुलास एकवीस वर्षें पूर्ण झालीं पाहिजेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अठरा वर्षांखालील कोणाचीहि संमति मानीत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑक्टोबर २०१७ रोजीं असा निर्णय दिला कीं, अठरा वर्षांखालील पत्नीशीं संबंध ठेवणारा पतीहि बलात्काराच्या अपराधास पात्र होतो. अर्थात् ज्या मांडवांत आईबाप अब्रू वांचविण्यास गेले त्याच मांडवांतून त्यांच्या जांवयास तुरुंगाची वाट फुटूं शकते.

प्रेम करणाऱ्या मुलांचीहि एक भोळी समजूत असते. येथल्या मुलाशीं लग्न केलें कीं आपणहि येथल्या झालों, आपल्या आईबापांचीहि काळजी मिटली, असें परदेशांतून आलेल्या घरांतील मुलीस वाटतें. कायदा तसें म्हणत नाहीं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढें येथें जन्मलेलें मूल नागरिक ठरावयास आईबाप दोघेहि नागरिक असावे लागतात, किंवा एक नागरिक व दुसरें बेकायदा आलेलें नसावें लागतें. नागरिकाशीं लग्न केलेल्या व्यक्तीस सात वर्षें येथें राहिल्यावर नोंदणीचा अर्ज करितां येतो खरा, पण बेकायदा स्थलांतरितास ती वाटहि बंद आहे. हें क्रूर वाटेल, परंतु मुलींस खरें सांगणें त्याहून क्रूर नाहीं. खोट्या आशेवर केलेल्या लग्नांत कागद मिळत नाहीं, आणि शाळा मात्र जाते.

मग अशा मुलास आपण काय द्यावें? आमचें उत्तर एकच आहे. त्यास वेळ द्यावा. आणि तो देतां यावा म्हणून त्याच्या वयाचा खरा पुरावा त्याच्या हातीं असावा. हें उत्तर ऐकावयास फिकें वाटेल. परंतु असा प्रसंग न्यायालयापर्यंत गेला म्हणजे सर्व कांहीं वयावर येऊन ठेपतें. मुलाचें वय सोळाच्या आंत असेल तर बाल न्याय मंडळच त्याचा विचार करितें. सोळा ते अठरा असेल आणि आरोप घोर असेल, तर त्यास प्रौढाप्रमाणें न्यायालयापुढें उभें करण्याचा विचार होऊं शकतो. अठरा उलटलीं असतील तर तो प्रौढच. आणि हें वय ठरवावयाचें कसें? बाल न्यायाचा २०१५ चा कायदा आधीं शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचें प्रमाणपत्र मागतो. तें नसल्यास नगरपालिकेचा वा पंचायतीचा जन्मदाखला. आणि कांहींच नसेल तर हाडांची वैद्यकीय परीक्षा. या परीक्षेंत दोन वर्षांची चूक दोन्ही बाजूंस संभवते, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालींच मान्य केलेलें आहे. ज्याच्याजवळ कागद आहे त्याचें वय कागद सांगतो. ज्याच्याजवळ नाहीं त्याचें वय त्याच्या मनगटाचीं हाडें सांगतात, आणि तींहि अंदाजानेंच. दोन वर्षांच्या त्या अंदाजांत एका मुलाचें सारें आयुष्य इकडचें तिकडे होऊं शकतें.

येथें आम्हां शिक्षकांचा संबंध येतो. महाराष्ट्रांत असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. तीं सारीं त्याच दिवशीं जन्मलीं नाहींत. बाप मुलास शाळेंत घेऊन आला, जन्मतारीख त्यास सांगतां आली नाहीं, शाळा जूनमध्यें भरत असे, म्हणून गुरुजींनीं रजिस्टरांत १ जून लिहून टाकलें. त्यांत वाईट हेतु नव्हता. मूल शाळेंत आलें हेंच पुष्कळ होतें. परंतु आतां त्या रकान्यावर एवढें ओझें येऊन पडलें आहे कीं, तो अंदाजानें भरणें आम्हांस परवडणारें नाहीं. २०२३ सालीं एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नुसती तारीख वयाचा पुरेसा पुरावा मानली नाहीं. तेव्हां नोंद करावयाची तर ती आधारासह झाली पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें वयाचा दाखला नाहीं म्हणून कोणत्याहि मुलास प्रवेश नाकारतां येत नाहीं; म्हणून मुलास आधीं आंत घ्यावें, आणि मग दवाखान्याची नोंद, परिचारिकेची वही, अंगणवाडीचें रजिस्टर, जें मिळेल तें शोधावें. जन्माची नोंदच राहून गेली असेल तर ती वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानें होते, हें आईबापांस सांगावें व अर्ज लिहून द्यावा. मुलीचें लग्न जमलें म्हणून तिचें वय वाढवून मागणारा, किंवा मुलास पुढें नोकरी लागावी म्हणून त्याचें कमी करून मागणारा पालक आला, तर त्यास नम्रपणें परंतु ठामपणें नाहीं म्हणावें.

आम्हांस कोणी विचारील, "जे येथले नव्हेतच त्यांच्या मुलांची एवढी काळजी तुम्ही कां वाहतां?" प्रश्न अगदींच टाकाऊ नाहीं. येथें कोणीं राहावें व कोणीं परत जावें, हें ठरविण्याचा अधिकार राज्याचा आहे आणि तो आम्ही नाकारीत नाहीं. परंतु सरहद्द ओलांडल्यानें पंधरा वर्षांची मुलगी वीस वर्षांची होत नाहीं. बालकांचें रक्षण करणाऱ्या कायद्यांत बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ति; त्यांत नागरिकत्वाची अट नाहीं. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचें जीविताचें संरक्षण परकीयासहि आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं एका बांगलादेशी स्त्रीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे. बापाच्या प्रवेशाचा निकाल लागेल तेव्हां लागो. तोंवर मुलीचें बालपण कोणाच्याहि हवालीं करण्याचें कारण नाहीं.

दौंड तालुक्यास ही गोष्ट नवी वाटूं नये. याच तालुक्यांत केडगांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळांतून वांचलेल्या कित्येक परप्रांतीय मुलींस पंडिता रमाबाईंनीं तेथें आणिलें. त्यांच्याजवळ कोणते कागद होते? त्यांतील पुष्कळ मुली अशा कीं, कोणीं तरी त्यांचें लग्न लावून दिलें असतें किंवा त्यांस विकून टाकलें असतें. रमाबाईंनीं त्यांस अक्षर दिलें, हाताला काम दिलें, आणि त्यांचीं वाढण्याचीं वर्षें त्यांच्या पदरांत टाकलीं. स्वतः रमाबाईंनीं १८८० सालीं जातीबाहेर, परप्रांतीय गृहस्थाशीं, आपल्या पसंतीनें विवाह केला. पण त्या वेळीं त्यांचें वय बावीस होतें, आणि आपण काय करीत आहों हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. पसंतीचा विवाह व घाईचा विवाह यांतील भेद याहून स्पष्ट कोणता सांगावा?

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें थोडें आहे. मुलामुलींनों, तुमच्या मनांत जें उमलतें तें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पवित्र शास्त्रांतील याकोब हाहि घर सोडून पळालेला, परक्या मुलखांत आसऱ्यास राहिलेला तरुण होता. त्याचें राहेलीवर प्रेम बसलें, आणि तिच्यासाठीं त्यानें सात वर्षें चाकरी केली. जें खरें आहे तें सात वर्षें टिकतें. जें दोन महिन्यांत पळून जाण्याची घाई करितें, त्याची परीक्षा अजून व्हावयाची आहे. कोणी तुम्हांस घर सोडण्यास सांगत असेल, किंवा घरचेच तुमचें लग्न ठरवीत असतील, तर ज्या शिक्षकावर तुमचा विश्वास असेल त्यास सांगा. तेंहि न जमलें तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो बालकांच्याच मदतीसाठीं आहे. शिक्षकानें ऐकलेलें दडपूं नये. कोणा बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळल्यास तें कळविणें कायद्यानेंच त्याच्यावर बंधनकारक आहे. परंतु तें वर्गांत चवीनें सांगत बसणें याहून हलकें कर्म नाहीं.

आणि पालकांस, शेजाऱ्यांस, शाळांच्या चालकांस आमची विनंति इतकीच कीं, दिवाळीनंतर आपल्या गांवांत नवीं मुलें दिसूं लागलीं म्हणजे तीं कोठलीं, किती दिवस राहणार, याची चौकशी मागाहून करावी. आधीं त्यांचें नांव शाळेंत घालावें, आणि जन्मतारखेच्या रकान्यांत जें खरें आहे तें शोधून लिहावें. ज्या मुलास दुसरा कोणी साक्षीदार नाहीं, त्याचें वय किती हें पुढें विचारलें गेलें म्हणजे ती एक ओळच त्याच्या बाजूनें बोलणार आहे.